‘डीके’ची तारीख आली, पण आकाशात काहीच का दिसलं नाही?

नमस्कार. तुमचा प्रश्न मला समजला तो असा. २ एप्रिल २०२२ रोजी, पाडव्याच्या संध्याकाळी, वाशीमकडच्या तुमच्या गावात सगळ्यांनी आकाशातून जळत जाणारे तुकडे पाहिले. तुम्ही नेमके घरात होतात. तेव्हापासून मोबाइलवर उपग्रहांचं एक ॲप ठेवलं आहे. अलीकडे त्यात एका जुन्या रॉकेटच्या नावापुढे ‘डीके’ म्हणून, म्हणजे कक्षेतून खाली येऊन जळण्याची, तारीख दिसली. त्या तारखेची रात्र आणि आदली रात्र अशा दोन रात्री तुम्ही गच्चीत काढल्या आणि काही दिसलं नाही. यात काय चुकलं, आणि पुढच्या वेळी आधी कळण्यासाठी काय करायचं, हे तुम्हाला हवं आहे.

तुमची हळहळ मला चांगली कळते, कारण तो देखावा माझाही हुकला. मी बावीस वर्षं उपग्रह पाहतो, त्यांच्या वेळा टिपून ठेवतो, आणि त्या संध्याकाळी पुण्यात घरी पाहुण्यांमध्ये बसलो होतो. पावणेआठच्या पुढे फोन वाजायला लागला तो रात्री एकपर्यंत वाजत राहिला. बुलढाणा, अकोला, जळगाव, नागपूर, सगळीकडून. पाहणं हुकलं, पण त्या रात्री आणि पुढच्या आठवड्यात मी जवळजवळ चाळीस जणांशी बोललो. त्या बोलण्यातून जे शिकलो त्यातलं बरंच खाली येईल.

तुमच्या प्रश्नात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र आल्या आहेत. उपग्रह किंवा रॉकेटचा टप्पा वातावरणात शिरून जळतो, ते शेवटचं मिनिट-दीड मिनिट पाहणं ही एक गोष्ट. तोच उपग्रह शेवटच्या काही दिवसांत खाली खाली येत असताना, अजून जळत नसताना, त्याला आकाशात गाठणं ही दुसरी. पहिली गोष्ट मुद्दाम ठरवून साधत नाही. माझ्या ओळखीत ठरवून गच्चीत बसला आणि जळताना दिसलं, असा एकही माणूस नाही. दुसरी मात्र नक्की साधते. तुम्ही दोन रात्री ज्या चिकाटीने बसलात, तेवढ्या चिकाटीच्या माणसाला तर सहज साधेल.

आधी तारखेबद्दल. ॲपमधली वेळ बहुधा जागतिक प्रमाणवेळ असते, आपली वेळ तिच्यापुढे साडेपाच तास. म्हणजे तिथे १४ तारखेची रात्रीची २० वाजताची वेळ दिसत असेल तर आपल्याकडे १५ तारखेचे रात्रीचे दीड वाजलेले असतात. तुमची एक रात्र कदाचित इथेच हुकली असेल. पण खरी अडचण वेगळीच आहे.

ती तारीख म्हणजे अंदाज असतो, आणि त्या अंदाजातली चूक उरलेल्या काळाच्या साधारण १० ते २० टक्के धरावी लागते. हा नियम पाठ करून ठेवा, पुढे पदोपदी उपयोगी पडेल. पडायला दोन दिवस आहेत असं आज कुणी सांगितलं तर त्यात आठ-दहा तास इकडे किंवा तिकडे. इतक्या खाली आलेली वस्तू पृथ्वीला एक फेरी साधारण ८८ मिनिटांत घालते. म्हणजे त्या अनिश्चित काळात तिच्या बारा-तेरा फेऱ्या होतात, आणि त्यातल्या कुठल्याही फेरीत, पृथ्वीच्या कुठल्याही बाजूला ती पडू शकते. अगदी तासभर आधीचा अंदाज घ्या. चूक दहा-बारा मिनिटांची. वेग सेकंदाला ७.८ किलोमीटर. बारा मिनिटांत साडेपाच हजार किलोमीटरहून जास्त अंतर झालं. तासभर आधीसुद्धा ‘वाशीमवर की समुद्रावर’ हे जगात कुणाला सांगता येत नाही. म्हणून दोन दिवस आधी वाहिन्यांवर ‘महाराष्ट्रावर कोसळणार’ अशी पट्टी आली तर तिच्यावर विश्वास ठेवू नका.

इतकी मोठी चूक का राहते, हा प्रश्न साहजिक आहे. ग्रहणं शंभर वर्षं आधी मिनिटावर सांगता येतात, मग हे का नाही? कारण चंद्राच्या वाटेत हवा नाही आणि या वस्तूंच्या वाटेत आहे. दीडशे-दोनशे किलोमीटर उंचीवरची हवा अतिशय विरळ असते, पण सेकंदाला आठ किलोमीटरच्या वेगाला तीही जाणवते. शिवाय ही हवा सूर्याच्या लहरीवर फुगते आणि आकसते. फेब्रुवारी २०२२ मध्ये इंटरनेट पुरवणाऱ्या स्टारलिंकचे ४९ उपग्रह सोडले आणि लगेच सौरवादळाने वरची हवा दाट झाली. त्यातले ३८ उपग्रह कक्षा उंचावण्याआधीच खाली येऊन जळून गेले. अमेरिकेची स्कायलॅब ही अंतराळ प्रयोगशाळा १९७९ मध्ये अपेक्षेपेक्षा आधी उतरली, त्यालाही त्या वर्षांतला तापलेला सूर्य कारण होता. मी तेव्हा चौथीत होतो. ‘स्कायलॅब आपल्यावर पडणार’ म्हणून आमच्या गावात मोठी माणसं बिछाने घरात ओढत होती, ते मला आठवतं. ११ जुलै १९७९ रोजी ती पडली हिंदी महासागरात आणि पश्चिम ऑस्ट्रेलियात.

हवेखेरीज वस्तूचा आकारही आहे. रॉकेटचा रिकामा टप्पा म्हणजे दहा-बारा मीटरची पोकळ नळी, आणि ती गडगडत येते. कधी हवेला आडवी, कधी उभी. आडवी आली की रोध जास्त, उभी आली की कमी. ती पुढच्या तासाला कशी फिरेल याचा हिशेब कुणाकडे नसतो.

आता ठिकाणाचं गणित करू. जळणारी वस्तू साधारण ८० किलोमीटर उंचीवर असते. तुमच्या गच्चीपासून पाचशे किलोमीटरपर्यंत ती चांगली दिसेल असं धरू. त्या वर्तुळाचं क्षेत्रफळ होतं जवळजवळ आठ लाख चौरस किलोमीटर. पृथ्वीचं ५१ कोटी. म्हणजे साधारण साडेसहाशे घटनांत एक तुमच्या आकाशात. तीही निम्म्या वेळा दिवसा, आणि आपल्याकडचे पावसाळ्याचे चार महिने वजा करायचे. हा ढोबळ हिशेब आहे. प्रत्येक वस्तूची कक्षा विषुववृत्ताशी किती कललेली आहे त्यावर तो बदलतो. दहा अंशच कललेली वस्तू तुमच्यावरून कधी जाणारच नाही, कारण वाशीम वीस अंश उत्तरेला आहे. उलट २८ अंशांच्या आसपास कललेली वस्तू आपल्या पट्ट्यातून वारंवार जाते. पाडव्याला दिसलेली त्यातलीच होती. पण हिशेबाचा एकूण रोख तोच राहतो. जगभरात वर्षाला शेकडो उपग्रह आणि टप्पे जळतात, स्टारलिंकचे तर आता जवळजवळ रोज. तरी तुमच्या गच्चीच्या वाट्याला त्यातलं फार थोडं येतं. तुमच्या दोन रात्रींत तुमची काहीही चूक नव्हती.

एक बारीक गोष्ट इथेच सांगतो. काही उपग्रह मुद्दाम, इंधन वापरून, ठरल्या वेळी खाली आणले जातात. इस्रोने ‘मेघा-ट्रॉपिक्स-१’ हा उपग्रह ७ मार्च २०२३ रोजी असाच प्रशांत महासागरात उतरवला. त्यांची वेळ अचूक असते, पण जागा नेमकी निर्मनुष्य समुद्राची निवडलेली असते. त्यामुळे अशा बातम्या वाचून गच्चीत बसण्यात अर्थ नाही.

जे तुमच्या हातात आहे ते आता सांगतो. शेवटच्या आठवड्यातला उपग्रह पाहणं मला इतर कुठल्याही आकाशदर्शनापेक्षा जास्त ओढ लावतं. ती वस्तू तुम्हाला परत दिसणार नसते, आणि तिचं खाली येणं तुम्हाला स्वतःच्या घड्याळावर मोजता येतं.

कुठली वस्तू गाठायची ते ठरवण्यासाठी तारखेपेक्षा दोन आकडे बघा. कक्षेतला पृथ्वीला सर्वांत जवळचा बिंदू म्हणजे उपभू, आणि सर्वांत दूरचा म्हणजे अपभू. दोन्हींची उंची ॲपमध्ये किंवा ‘हेवन्स अबव्ह’सारख्या संकेतस्थळावर मिळते. दोन्ही आकडे जवळजवळ सारखे झाले आणि दोनशे किलोमीटरच्या आसपास आले, की ती वस्तू काही दिवसांची सोबती. दीडशेवर आली की काही तासांची. अपभू हजारो किलोमीटरवर आणि उपभू दीडशेवर, अशी लांबट कक्षा असेल तर मात्र घाई करू नका. अशी वस्तू दर फेरीला खाली येऊन हवेला थोडी घासते आणि परत वर जाते. त्यात चंद्रसूर्याची ओढही उपभू वरखाली करत असते. पाडव्याचं रॉकेट होतं चीनचं ‘छांग चंग-३बी’, त्याचा तिसरा टप्पा. ते फेब्रुवारी २०२१ मध्ये उडालं होतं, आणि हा टप्पा अशाच लांबट कक्षेत राहून चौदा महिन्यांनी खाली आला.

वस्तू ठरली की वेळ. नवशिका इथेच सर्वांत जास्त चुकतो. उपग्रहाला स्वतःचा उजेड नसतो. तो उन्हात असायला हवा आणि तुम्ही अंधारात. अंतराळ स्थानक चारशे किलोमीटरच्या वर आहे, म्हणून सूर्य मावळल्यावर सव्वा तास, दीड तासानेही डोक्यावर ते उन्हात असतं. दीडशे किलोमीटरवरची वस्तू मात्र सूर्य क्षितिजाखाली बारा अंश गेला की डोक्यावर सावलीत जाते. आपल्या अक्षांशावर बारा अंश म्हणजे सूर्यास्तानंतर साधारण पन्नास मिनिटं. पहिली वीस-पंचवीस मिनिटं आकाशच इतकं उजळ असतं की फक्त ठळक वस्तू दिसतात. उरली पंचवीस-तीस मिनिटं. मावळतीच्या बाजूला आणखी दहा मिनिटं मिळतात. पहाटे हेच उलट, सूर्योदयाच्या आधीची अर्ध्या-पाऊण तासाची खिडकी. तुम्ही रात्रभर बसलात, पण अशा खालच्या वस्तूसाठी त्या रात्रीतला एवढाच काळ कामाचा होता. मध्यरात्री ती तुमच्या डोक्यावरून गेली असली तरी काळीच गेली असणार.

आता वेग. मूठ वळून हात लांब केला की मुठीची रुंदी आकाशात साधारण दहा अंश भरते. अंतराळ स्थानक डोक्यावरून जाताना एक मूठ ओलांडायला दहा सेकंद घेतं. दीडशे किलोमीटरवरची वस्तू तीन-साडेतीन सेकंदांत ओलांडते. क्षितिजापासून तीन मुठी उंचीवरून चढून पलीकडे तेवढ्याच उंचीवर उतरायला स्थानकाला तीन मिनिटं लागतात, हिला एक मिनिट. पहिल्यांदा पाहणारा माणूस हा वेग पाहून दचकतो. ‘हे विमान नाही, हे काहीतरी वेगळंच आहे’ असं तोंडून निघतं.

माझ्या वहीतली एक नोंद सांगतो. जानेवारी महिना, सासवडच्या पुढे एका मित्राचं शेत. रॉकेटचा एक टप्पा, पडायला साधारण दीड दिवस बाकी. आदल्या दिवसाच्या आकड्यांवरून काढलेली वेळ ७ वाजून ४ मिनिटं, वाट थेट डोक्यावरून, नैर्ऋत्येकडून ईशान्येकडे. मी सात वाजताच दुर्बीण गळ्यात अडकवून उभा होतो. ७ वाजून २ मिनिटांनीच तो आला. नैर्ऋत्येला आधी एक चमक, मग काहीच नाही, मग चार सेकंदांनी पुन्हा चमक, आता बरीच वर. गडगडत होता. दर चार सेकंदांनी त्याची एक बाजू उन्हाला लागायची. डोक्यावर आला तेव्हा ठरलेल्या वाटेपासून पूर्वेला दीड मूठ सरकलेला होता. ईशान्येला ब्रह्महृदय ताऱ्याच्या अलीकडे त्याने सावलीत पाऊल टाकलं आणि विझला. एकूण तेरा चमका मोजल्या. मित्राचे वडील बाजेवर बसून पाहत होते, ते एवढंच म्हणाले, “दमलंय बिचारं.” दुसऱ्या दिवशी रात्री तो समुद्रावर जळाल्याची नोंद आली.

लवकर येणं आणि पूर्वेला सरकणं, या दोन्ही गोष्टी एकाच कारणाने होतात, आणि ते कळलं की तुम्ही अशी वस्तू सहसा चुकवणार नाही. हवेने खाली ओढलेली वस्तू हळू होत नाही. खालच्या कक्षेत आल्यामुळे तिची फेरी लहान होते आणि ती उलट आधीच पोहोचते. ती आधी आली म्हणजे तोवर पृथ्वी तेवढी कमी फिरलेली असते, म्हणून तिची वाट जमिनीवर पूर्वेला पडते. एक मिनिट लवकर म्हणजे आपल्या अक्षांशावर साधारण २६ किलोमीटर. वस्तू पावणेदोनशे किलोमीटरवर असली तर आकाशात हा फरक जवळजवळ एका मुठीचा. म्हणून शेवटच्या दोन-तीन दिवसांत मी ठरलेल्या वेळेच्या पाच मिनिटं आधीपासून उभा राहतो आणि नजर वाटेच्या थोडी पूर्वेला ठेवतो. कधी उशिराही येते. सूर्य शांत राहिला आणि हवा अंदाजापेक्षा विरळ निघाली तर तसं होतं. त्यामुळे वेळ टळून गेल्यावरही पाच मिनिटं थांबतो. आणि आकडे त्याच दिवशीचे घ्यायचे, शक्य असेल तर दुपारनंतरचे. आठवडाभर जुन्या आकड्यांवर शेवटच्या दिवसांतली वस्तू शोधणं फुकट आहे. बरीच ॲप आकडे आपोआप ताजे करत नाहीत. तुमचं करतं का ते आधी पाहा.

दुर्बीण लागते का? ठळक टप्प्यांना नाही. पण ७×५० किंवा १०×५० ची द्विनेत्री असेल तर मंद वस्तूही हाती येतात. ती डोळ्याला लावून वाट पाहू नका. आधी नुसत्या डोळ्यांनी पकडा, मग लावा.

एवढं करूनही जळतानाचा देखावा तुम्हाला कधीतरी, अचानक, दुसऱ्याच कामात असताना दिसेल. तो ओळखता यावा म्हणून सांगतो.

पहिली खूण म्हणजे कालावधी. उल्का सेकंदाला ११ ते ७२ किलोमीटर वेगाने येते, बहुतेक उल्का सेकंद-दीड सेकंदात संपतात. मोठा अग्निगोल पाच-दहा सेकंद टिकतो. उपग्रह सर्वांत संथ उल्केपेक्षाही संथ असतो आणि जवळजवळ आडवा शिरतो, त्यामुळे तो अर्धं मिनिट, मिनिट, कधी त्याहून जास्त दिसत राहतो. शेजाऱ्याला हाक मारून बाहेर बोलावण्याइतका वेळ मिळाला असेल तर ती उल्का नव्हती. दुसरी खूण तुकड्यांची. पुढे एक-दोन ठळक गोळे, मागे लहान लहान ठिणग्यांची रांग, प्रत्येकाला स्वतःची शेपटी, आणि सगळे एकाच दिशेने, मिरवणूक निघावी तसे. हलके तुकडे हवेने जास्त अडतात म्हणून मागे पडत जातात आणि रांग लांबत जाते. स्टारलिंकच्या नुकत्याच सोडलेल्या उपग्रहांची गाडी जाते तेव्हाही लोक घाबरून फोन करतात. पण तिचे ठिपके पांढरे, स्थिर, सुतात ओवल्यासारखे सारख्या अंतरावर असतात. शेपटी नाही, रंग नाही, आणि सावलीत शिरताना एकेक करून विझतात. विमानाचे लाल-हिरवे दिवे तर तुम्ही ओळखताच.

तिसरी खूण मला सर्वांत भरवशाची वाटते, ती म्हणजे वेळ. पाडव्याला पावणेआठ वाजता विदर्भात सूर्य क्षितिजाखाली पंधरा अंशांच्या आसपास गेलेला होता. ८० किलोमीटर उंचीवरची वस्तू सूर्य नऊ अंश खाली गेला की डोक्यावर सावलीत जाते. म्हणजे लोकांनी जे पाहिलं त्याला ऊन लागतच नव्हतं. तो उजेड त्या वस्तूचा स्वतःचा होता, जळण्याचा होता. संथ, शेपटीवाली, अनेक तुकड्यांची वस्तू ऊन पोहोचत नाही अशा वेळी दिसली, तर दुसरं स्पष्टीकरण शोधायला नको.

साक्षीदारांबद्दल मघाशी म्हणालो ते आता सांगतो. त्या रात्री जवळजवळ प्रत्येकाने मला दोन गोष्टी सांगितल्या. एक, ‘पाच-दहा मिनिटं दिसत होतं’. दोन, ‘त्या टेकडीच्या मागेच पडलं’. दोन्ही चुकीच्या, आणि दोन्ही अगदी प्रामाणिक. अकोल्याच्या एका शिक्षिकेने पाच मिनिटं सांगितली. मी त्यांना म्हटलं, “बाई, फोन कानाला ठेवा, दुसऱ्या हाताचं बोट वर करा आणि ते जसं गेलं तसं पुन्हा आकाशात फिरवा. जेवढ्या सावकाश गेलं तेवढ्याच सावकाश. सुरू झालं की ‘हं’ म्हणा, संपलं की ‘झालं’.” माझ्या घड्याळात बेचाळीस सेकंद भरले. पुन्हा करायला सांगितलं, पंचेचाळीस. शब्दांत सांगितलेला काळ फसवतो, पण बोटाने दाखवलेला काळ बराच खरा निघतो. तुमच्या गावात त्या दिवशी पाहिलेली माणसं आहेत. आजही त्यांना बोट फिरवून दाखवायला सांगा.

टेकडीमागे पडल्याचं गणित असं. ८० किलोमीटर उंचीवरची वस्तू क्षितिजापासून एक मूठ वर दिसते, तेव्हा ती तुमच्यापासून साडेतीनशे-चारशे किलोमीटरवर असते. तुमच्या टेकडीचा तिच्याशी काही संबंध नसतो. शिवाय उजेड विझला तिथे वस्तू पडत नाही. वेग कमी झाला की जळणं थांबतं, आणि उरलेले तुकडे पुढची काही मिनिटं अंधारात, काळेच, खाली येत राहतात. एका वस्तूचे तुकडे कित्येक शे किलोमीटर लांबीच्या पट्ट्यात विखुरतात. दुसऱ्या दिवशी लोक गावामागच्या टेकडीवर शोधायला गेले होते, तुम्हीही गेला असाल तर हात रिकामे का आले ते यातून कळेल.

बोलता बोलता दिसलंच तर काय करायचं? आधी डोळ्यांनी पाहा. मोबाइल काढण्यात अर्धा वेळ जातो. काढलाच तर झूम करू नका, पाण्याची टाकी, लिंबाचं झाड, विजेचा खांब असं काहीतरी चित्रात येऊ द्या आणि हात भिंतीला टेकवा. दुसऱ्या दिवशी त्याच जागी उभं राहून त्या टाकीची दिशा होकायंत्राने आणि उंची मुठींनी मोजता येते. अशा दोन गावांतल्या दोन चित्रफिती मिळाल्या तरी वाट काढता येते. संपल्या संपल्या वेळ लिहा, मोबाइलच्या घड्याळातली, मिनिटापर्यंत. त्या वेळेवरूनच नंतर ‘ही कुठली वस्तू’ हे जुळवता येतं. पाडव्याच्या रॉकेटची ओळखही अशीच पटली. त्या वेळी त्या वाटेवर कोण असायला हवं होतं, ते कक्षांच्या नोंदींमध्ये होतं.

शेवटी जमिनीवर सापडणाऱ्या तुकड्यांबद्दल, कारण तुम्ही एका ओळीत विचारलं आहे की सापडला तर ठेवता येईल का. चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात त्या रात्री मोकळ्या जागेत धातूची एक मोठी कडी येऊन पडली. व्यास जवळजवळ तीन मीटर, वजन चाळीस किलोच्या आसपास. त्या रॉकेटच्या तिसऱ्या टप्प्याचा व्यासही तीन मीटरच आहे. पुढच्या दिवसांत आसपासच्या गावांत धातूचे गोळे मिळाले. असे गोळे म्हणजे दाबाखालचा वायू भरायच्या टाक्या. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं आणि वरच संपतं. या टाक्या टायटॅनियमच्या किंवा कडक तंतू गुंडाळलेल्या असतात. टायटॅनियम वितळायला १६६८ अंश लागतात, म्हणून त्या जमिनीपर्यंत येतात. त्याच वर्षी मे महिन्यात गुजरातमध्ये आणंदच्या बाजूलाही असेच गोळे पडले होते.

असा गोळा दिसला तर हात लावू नका, मुलांना जवळ जाऊ देऊ नका, आणि कुऱ्हाडीने फोडून पाहण्याचा विचारही नको. आत दाब उरलेला असू शकतो. काही टाक्यांत हायड्रॅझिन नावाचं अत्यंत विषारी इंधन असतं. लांबूनच फोटो घ्या आणि पोलीस पाटलांना किंवा ठाण्यात कळवा. लाडबोरीच्या लोकांनी कळवलं म्हणूनच इस्रोच्या माणसांना येऊन ते तुकडे तपासता आले. ठेवून घेण्याचा हक्क मात्र आपल्याला नाही. आंतरराष्ट्रीय करारांनुसार अशी वस्तू ज्या देशाने सोडली त्याचीच राहते, आणि नुकसान झालं तर भरपाईची जबाबदारीही त्याचीच. अंगावर पडेल ही भीती बाळगू नका. १९९७ साली अमेरिकेत टल्सा शहरात रॉकेटचा एक हलका तुकडा एका बाईंच्या खांद्याला लागला होता. त्यांना इजाही झाली नव्हती.

आता तुमच्यासाठी कामाची सुरुवात. पडणाऱ्या वस्तूची वाट पाहण्याआधी महिनाभर जुने, न पडणारे रॉकेट टप्पे पाहा. ॲपमध्ये ज्यांच्या नावापुढे ‘आर/बी’ लिहिलेलं असतं ते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी आपल्याकडे आकाश स्वच्छ असतं, रोज संध्याकाळी असे दोन-चार सहज मिळतात. प्रत्येकाचं तीन ओळींत लिहा: ठरलेली वेळ, आलेली वेळ, किती सेकंदांनी चमकतो. स्थिर कक्षेतले टप्पे सेकंदावर येतात, हे तुम्हाला आठवड्याभरात दिसेल. मग एखाद्या संध्याकाळी एक जण दीड मिनिट आधीच उगवेल, वाट सोडून पूर्वेला सरकलेला. त्याचं नाव आणि त्याच दिवशीचे उपभू-अपभूचे आकडे मला कळवा, पुढच्या संध्याकाळची वेळ आपण दोघं मिळून काढू.